आधी कोण, नंतर कोण: लॉ सीईटीतली क्रमवारीची कोडी कशी सोडवायची

सात साक्षीदार, सात क्रमांक, पाच अटी. असा प्रश्न पडद्यावर आला की नवखा विद्यार्थी पहिली अट वाचतो आणि लगेच नावे बसवायला घेतो. दुसऱ्या अटीला मांडणी मोडते. तो खोडतो, पुन्हा बसवतो. चौथ्या अटीपर्यंत कागद काळा झालेला असतो, चार मिनिटे गेलेली असतात आणि हाती जेमतेम एक मांडणी लागलेली असते. पुढच्या प्रश्नाला तिचा काही उपयोग नसतो, म्हणून सगळे पहिल्यापासून.

या कोड्यांत गुण जातात ते बहुतेक वेळा या घाईपायी. कोण कुठे बसतो हे शोधण्याआधी कोण कुठे बसूच शकत नाही हे शोधायची सवय लागली, की तेच कोडे निम्म्या वेळात सुटते. ही सवय कुणालाही लावता येते. गणित कच्चे असलेल्यांनाही, कारण इथे मोजावे लागते ते फार तर सात-आठपर्यंत.

ही कोडी कुठे येतात

महाराष्ट्रात विधी महाविद्यालयात प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा द्यावी लागते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची वेगळी, पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची वेगळी. २०२४पासून दोन्हींत दीडशेऐवजी १२० प्रश्न असतात आणि वेळ दोन तास. तार्किक व विश्लेषणात्मक क्षमतेचे प्रश्न पाच वर्षांच्या परीक्षेत ३२ आणि तीन वर्षांच्या परीक्षेत २४. परीक्षा संगणकावर, मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होते, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या आयलेटमध्ये १५०पैकी ७० प्रश्न तर्काचे असतात आणि तिथे चुकीला पाव गुण जातो. इतर राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, म्हणजे क्लॅटमध्येही पाव गुण कापतात, पण तिथला भर उताऱ्यांवर असतो.

या प्रकाराची खरी तालीम अमेरिकेतल्या एलसॅट या विधी प्रवेश परीक्षेने घडवली. तिथे विश्लेषणात्मक तर्काचा स्वतंत्र विभाग असायचा: ३५ मिनिटे, चार कोडी, साधारण २३ प्रश्न. विद्यार्थी त्याला ‘लॉजिक गेम्स’ म्हणायचे, आणि त्यातला सर्वांत हमखास प्रकार म्हणजे क्रम लावायचा. ऑगस्ट २०२४पासून तो विभाग काढून टाकला. आकृती काढल्याशिवाय ही कोडी सोडवणे अवघड, आणि अंध परीक्षार्थींना ते अन्यायकारक होते. त्यावरून झालेला दावा २०१९मध्ये तडजोडीने मिटला आणि त्यातून हा बदल आला. निर्णय योग्यच होता. आता अमेरिकेला जेडीसाठी, म्हणजे तिथल्या कायद्याच्या पदवीसाठी जाणाऱ्याने या कोड्यांवर वेळ घालवायचे कारण नाही. आपल्याकडच्या परीक्षांत मात्र ती अजून येतात, आणि एलसॅटवाल्यांनी त्यासाठी घोटून तयार केलेली रीत इथे जशीच्या तशी चालते.

एक कोडे, सावकाश

रीत नुसती सांगून कळत नाही, म्हणून एक कोडे घेऊ. कागद-पेन घेऊनच पुढे वाचा.

एका खटल्यात सात साक्षीदारांच्या साक्षी एकामागून एक झाल्या: अनंत, बकुळा, चंदू, दिगंबर, गौरी, हरी आणि मालती. अटी अशा:

– गौरीची साक्ष अनंतच्या आणि मालतीच्याही आधी झाली.
– बकुळाची साक्ष चंदूच्या लगेच नंतर झाली.
– अनंतची साक्ष चंदूच्या आधी झाली.
– हरीची साक्ष चौथी होती.
– दिगंबरची साक्ष पहिली नव्हती आणि शेवटचीही नव्हती.

पहिले काम: सात रेघा आखा आणि वर १ ते ७ आकडे घाला. डाव्या टोकाला ‘पहिला’, उजव्या टोकाला ‘शेवटचा’ असे लिहून टाका. साक्षींच्या बाबतीत दिशेचा घोळ होत नाही, पण उंची, वय, गुण असा क्रम असला की ‘पहिला म्हणजे सर्वांत मोठा की सर्वांत लहान’ याचा मधेच विसर पडतो आणि सगळे उत्तर उलटे येते. दोन शब्द लिहायला दोन सेकंद लागतात.

दुसरे काम: नावांची अक्षरे करा. अ, ब, च, द, ग, ह, म. काना-मात्रा लिहू नका, त्यात वेळ जातो. नावे सुनील, सुमन, संजय अशी एकाच अक्षराची असतील तर कुठलेही वेगळे अक्षर ठरवा (ल, म, ज) आणि कोपऱ्यात नोंदून ठेवा. परीक्षक मुद्दाम अशी नावे देतात.

तिसरे काम अटी चिन्हांत उतरवण्याचे. ‘आधी’साठी मी बाण वापरतो: ग → अ, ग → म. ‘लगेच नंतर’ असेल तर बाण नाही, दोन्ही अक्षरे एका चौकोनात: [च ब]. या दोन चिन्हांतला फरक जपला नाही तर पुढचे सगळे वाया. बाणाचा अर्थ एवढाच की हा आधी, तो नंतर. मधे कितीही जण येऊ शकतात. चौकोनाचा अर्थ मधे कुणी नाही. हरीला थेट चौथ्या रेघेवर लिहा. दिगंबरसाठी पहिल्या आणि सातव्या रेघेखाली द लिहून त्यावर फुली मारा.

आता तिसरी अट: अ → च. इथे थांबा. अनंत आधीच पहिल्या अटीत आहे आणि चंदू दुसऱ्या अटीत. सुटी अट लिहिण्याऐवजी जोडून टाका:

ग → अ → [च ब]
ग → म

पाच अटींची तीन चिन्हे झाली: ही साखळी, चौथ्या रेघेवर ह, आणि द च्या दोन फुल्या. एकाच अक्षराला धरून दोन अटी जिथे भेटतात, तिथे नवी माहिती जन्माला येते. ती माहिती प्रश्नात लिहिलेली नसते, आणि बहुतेक गुण तिच्यावरच असतात.

नाव बसवण्याआधीची दोन मिनिटे

साखळीकडे बघा. चंदूच्या आधी अनंत आणि त्याच्याही आधी गौरी. म्हणजे चंदू पहिला किंवा दुसरा असूच शकत नाही. तो तिसरा असता तर बकुळा चौथी, पण चौथा हरी आहे. म्हणून तिसराही नाही. चौथा तर हरीच. सातवा असता तर बकुळाला जागा उरत नाही. राहिले पाच आणि सहा.

सात जागांतून दोनच उरल्या. चौकोन आणि ठरलेली जागा एकाच कोड्यात दिसली की हे पहिल्यांदा तपासायचे: ठरलेली जागा रांगेचे दोन तुकडे करते, चौकोन कुठल्या तुकड्यात मावतो?

आता पहिली जागा. पहिला कोण येऊ शकतो? अनंत नाही, मालती नाही, कारण दोघांच्या आधी गौरी. चंदू नाही, बकुळा नाही, हरी चौथा. दिगंबरवर फुली. उरली गौरी. म्हणजे गौरी पहिली, नेहमीच. हे वाक्य अटींत कुठेच नाही, तरी ते दगडावरची रेघ आहे.

दोन मांडण्या एकाखाली एक काढू.

पहिली मांडणी, चंदू पाचवा:
ग – _ – _ – ह – च – ब – _
उरले अ, द, म. अनंतला चंदूच्या आधी यायचे आहे, म्हणून शेवटची जागा त्याची नाही. दिगंबरचीही नाही. म्हणजे मालती शेवटची. दुसऱ्या-तिसऱ्या जागी अ आणि द, कसेही:
ग – अ/द – द/अ – ह – च – ब – म

दुसरी मांडणी, चंदू सहावा:
ग – _ – _ – ह – _ – च – ब
उरले तेच तिघे, जागा २, ३ आणि ५. आता कुणालाही आडकाठी नाही. तिघे कसेही बसोत.

मोजायचे झाले तर पहिल्या मांडणीत दोन क्रम, दुसरीत सहा, एकूण आठ. आठही लिहून काढू नका, गरज नाही. दोन रेघांत सगळे कोडे मावले आहे आणि अजून एकाही प्रश्नाला हात लावलेला नाही.

इथवर यायला सुरुवातीला पाच-सहा मिनिटे लागतील. लागू द्या. सरावाने ती दोनवर येतात. वेळ वाचवायचा म्हणून हा टप्पा गाळला की तोच वेळ प्रत्येक प्रश्नात थोडा थोडा जातो, आणि शेवटी हिशेब तोट्याचाच ठरतो.

मग प्रश्न

प्रश्न एक: खालीलपैकी कोणता क्रम शक्य आहे?

१) गौरी, चंदू, बकुळा, हरी, अनंत, दिगंबर, मालती
२) गौरी, अनंत, मालती, हरी, चंदू, दिगंबर, बकुळा
३) गौरी, मालती, अनंत, हरी, दिगंबर, चंदू, बकुळा
४) गौरी, मालती, अनंत, हरी, चंदू, बकुळा, दिगंबर

या प्रश्नाला आकृतीसुद्धा लागत नाही. एकेक पर्याय घेऊन पाच अटी तपासण्याऐवजी उलटे करा: एक अट घ्या आणि चारही पर्यायांवरून नजर फिरवा. ‘लगेच नंतर’ची अट सर्वांत चटकन दिसते: दुसऱ्या पर्यायात चंदू-बकुळाच्या मधे दिगंबर आला, तो बाद. अनंत चंदूच्या आधी: पहिला बाद. दिगंबर शेवटचा नाही: चौथा बाद. उरला तिसरा. बाकीच्या अटी तपासायची गरजच पडली नाही.

प्रश्न दोन: मालतीची साक्ष तिसरी असेल, तर खालीलपैकी काय नक्की खरे?
अनंत दुसरा, दिगंबर पाचवा, बकुळा शेवटची, अनंत मालतीच्या आधी.

पहिल्या मांडणीत मालती शेवटची असते. ती तिसरी म्हटल्याबरोबर ती मांडणी गेली. राहिली दुसरी, आणि तिथे बकुळा शेवटची. झाले. अनंत-दिगंबर २ आणि ५ या जागा वाटून घेतात, कुठला कुणाकडे हे ठरत नाही, म्हणून बाकीचे तिन्ही पर्याय ‘असू शकते’ या खात्यात पडतात. ‘नक्की’च्या खात्यात एकटी बकुळा.

प्रश्न तीन: पाचवी साक्ष कुणाची असू शकत नाही? अनंत, मालती, चंदू, बकुळा.

पाचव्या जागेवर पहिल्या मांडणीत चंदू, दुसरीत अ, द, म पैकी कुणीही. बकुळा नाहीच. आकृतीवर बोट ठेवून उत्तर.

प्रश्न चार: दिगंबरची साक्ष अनंतच्या लगेच नंतर झाली, तर काय नक्की खरे?

इथे एक नवा चौकोन आला: [अ द]. पहिल्या मांडणीत तो २-३ वर. दुसऱ्या मांडणीत जागा २, ३, ५. लागून असलेल्या दोनच, २ आणि ३. म्हणजे मांडणी कोणतीही असो, अनंत दुसरा आणि दिगंबर तिसरा. मालती पाचवी की सातवी हे मात्र ठरत नाही. पर्यायांत ‘मालती चंदूच्या आधी’ असे काहीतरी टाकलेले असेल; दुसरी मांडणीच डोक्यात ठेवणारा त्यावर खूण करून पुढे जाईल. दोन्ही रेघा बघायची शिस्त यासाठी.

प्रश्नातली अट त्याच प्रश्नापुरती असते, हे विसरू नका. मूळ आकृतीत ती लिहायची नाही. खाली वेगळी रेघ ओढून लिहायची. मूळ आकृतीत खाडाखोड केली की पुढचा प्रश्न मागच्याच्या अटीवर सोडवला जातो. दरवर्षी चांगली तयारी केलेली मुलेही यात अडकताना दिसतात.

‘नक्की’, ‘शक्य’ आणि ‘अशक्य’

प्रश्नाची शेवटची ओळ दोनदा वाचा. ‘नक्की खरे’ विचारले असेल तर पर्याय मोडायचा प्रयत्न करा: याच्या विरुद्ध घडेल असा एक तरी क्रम बनतो का? बनला तर पर्याय बाद. ‘खरे असू शकते’ विचारले असेल तर त्याला धरून एक क्रम बनला की पुरे, पुढे बघायचे नाही. ‘असू शकत नाही’ या प्रश्नात आधी सोडवलेले प्रश्न कामी येतात. पहिल्या प्रश्नाच्या बरोबर उत्तरात दिगंबर पाचवा होता. म्हणजे तो पाचवा असू शकतो हे सिद्धच झाले. म्हणून सोडवलेले क्रम खोडू नका, बाजूला राहू द्या.

ठरलेल्या जागा नसतील तेव्हा

काही कोड्यांत एकही क्रमांक दिलेला नसतो. सगळ्या अटी तुलनेच्या. तिथे रेघा आखून उपयोग नाही, झाड काढा.

सहा वकील ज्येष्ठतेनुसार उभे आहेत: क, ख, त, न, प, स. प हा क आणि त या दोघांहून ज्येष्ठ. त हा न हून ज्येष्ठ. स सुद्धा न हून ज्येष्ठ. न हा ख हून ज्येष्ठ.

प → त → न → ख
प → क
स → न

आता प्रत्येकासाठी दोन गोष्टी मोजा: बाणांच्या वाटेने याच्या आधी नक्की किती जण, आणि नंतर नक्की किती. न च्या आधी प, त, स असे तिघे, म्हणजे तो लवकरात लवकर चौथा. नंतर ख एकटा, म्हणजे उशिरात उशिरा पाचवा. न ला दोनच जागा. प च्या नंतर क, त, न, ख असे चौघे, म्हणून प पहिला किंवा दुसरा. स च्या आधी कुणीच नाही, नंतर न आणि ख. तो पहिल्यापासून चौथ्यापर्यंत कुठेही. सर्वांत ज्येष्ठ कोण होऊ शकतो? ज्याच्याकडे एकही बाण येत नाही तो: प किंवा स. सर्वांत कनिष्ठ? ज्याच्यापासून एकही बाण निघत नाही तो: क किंवा ख.

सगळ्यांत मोठा सापळा क आणि त चा. दोघेही प च्या खाली, कागदावर शेजारी शेजारी. डोळ्यांना वाटते की दोघे जवळपास असतील. त्यांच्यात बाण नाही, म्हणजे काहीच ठरलेले नाही: क दुसराही येईल आणि सहावाही. कागदावर कोण वर लिहिले आणि कोण खाली, याला अर्थ नाही. अर्थ फक्त बाणाला.

‘तर’ आणि ‘तरच’

जर-तरची अट आली की नवख्यांचा तोल जातो. साक्षीदारांच्याच कोड्यात एक अट वाढवू: ‘अनंत दुसरा आला तर दिगंबर पाचवा येतो.’

ती लिहायची अशी: अ२ → द५. लगेच खाली तिची उलटी बाजू, दोन्हीकडे नकार घालून आणि बाजू बदलून: द५ नाही → अ२ नाही. अटीतून निघते ते एवढेच. दिगंबर पाचवा आहे म्हणून अनंत दुसरा असेलच, असे नाही. गौरी, मालती, अनंत, हरी, दिगंबर, चंदू, बकुळा हा क्रम बघा: दिगंबर पाचवा, अनंत तिसरा, आणि अट कुठेही मोडलेली नाही.

उलटी बाजू लिहिली की फायदा लगेच दिसतो. पहिल्या मांडणीत पाचवा चंदू आहे, दिगंबर तिथे येऊच शकत नाही. म्हणून तिथे अनंत दुसरा नाही. तो तिसरा आणि दिगंबर दुसरा. अख्खी मांडणी एका क्रमावर आली. दुसऱ्या मांडणीत अनंत दुसरा घेतला तर दिगंबर पाचवाच घ्यावा लागतो, म्हणजे तिथलाही एक क्रम कमी झाला. आठाचे सहा राहिले.

‘तरच’ आला तर बाण फिरतो. ‘दिगंबर पाचवा असेल तरच अनंत दुसरा’ याचाही अर्थ अ२ → द५ हाच. वाक्यात दिगंबर आधी आला म्हणून बाण त्याच्यापासून काढायचा नाही. बाण नेहमी ज्याला दुसऱ्याची गरज आहे त्याच्यापासून, ज्याची गरज आहे त्याच्याकडे.

मोजणीचे शब्द

‘दोघांच्या मधे नेमके दोन जण’ म्हणजे क्रमांकांत तीनचा फरक. ‘दोन दिवसांनी’ म्हणजे दोनचा फरक. सोमवारनंतर दोन दिवसांनी बुधवार. ‘किमान दोन जण मधे’ म्हणजे फरक तीन किंवा जास्त. हे परीक्षेच्या खोलीत बसून मोजत राहू नका, चिन्ह ठरवून ठेवा. मी मधल्या जागांच्या रेघाच काढतो: [व _ _ ज]. आणि कोण आधी हे दिले नसेल तर उलटाही लिहितो: [ज _ _ व]. दुसरा चौकोन विसरणे ही फार महागात पडणारी चूक आहे, कारण उत्तर अर्धे बरोबर असते आणि पर्यायांत ते अर्धे हमखास ठेवलेले असते.

गोल टेबलाची कोडी वेगळी, पण एक गोष्ट सांगून ठेवतो: सगळे केंद्राकडे तोंड करून बसले असतील तर उजवा शेजारी घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेला येतो. पहिल्या माणसाला कुठेही बसवा आणि तिथून मोजा. गोलात पहिली जागा नसतेच.

वेळ आणि सराव

सीईटीत सरासरी एका प्रश्नाला एक मिनिट मिळते. एकाच माहितीवर चार-पाच प्रश्न असतील तर पाच-सहा मिनिटे द्यायला हरकत नाही. त्यातली पहिली दोन आकृतीला. लांबलचक माहिती आणि खाली एकटाच प्रश्न असेल तर तो खूण करून पुढे जा, शेवटी वेळ उरला तर या. उरला नाही तरी रिकामा सोडू नका, इथे चुकीला दंड नाही. आयलेट किंवा क्लॅट देणार असाल तर हिशेब वेगळा: दोन पर्याय नक्की बाद करता आले तर खूण करा, एकही बाद होत नसेल तर सोडा.

अटी वाचताना जी अट थेट जागा देते ती आधी, मग चौकोन, मग लांब साखळ्या, आणि ज्याच्याविषयी फारच कमी सांगितले आहे तो शेवटी. ज्याच्याविषयी एकही अट नाही असा एखादा जण कोड्यात असतो. त्याचे अक्षर वेगळे गोल करून ठेवा. तो कुठेही बसतो, आणि म्हणूनच शेवटची उरलेली जागा भरायला कामी येतो.

सरावाला साहित्य कमी नाही. मराठीतून परीक्षा देणाऱ्यांनी राज्यसेवा पूर्व परीक्षेतल्या सीसॅटच्या, म्हणजे आकलन आणि तर्काच्या पेपरच्या, जुन्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात. प्रश्न दोन्ही भाषांत असतात आणि मराठी वाक्यांची सवय होते. इंग्रजी जमत असेल आणि एलसॅटचे जुने संच कुठे मिळाले तर ते सोडू नका, त्यांतल्या अटींची भाषा फार नेमकी असते. बँकांच्या परीक्षांतली कोडी सहसा यांहून किचकट असतात, सुरुवातीलाच तिकडे वळू नका.

रोज एक कोडे पुरे, पण दोनदा. पहिल्यांदा घड्याळ न लावता. उत्तरे तपासली की आकृती फेकून द्या आणि दुसऱ्या दिवशी तेच कोडे कोऱ्या कागदावर घड्याळ लावून सोडवा. उत्तरे आठवत असली तरी चालेल. तपासायचे आहे ते हे की निष्कर्ष कोणत्या दोन अटी भेटल्यामुळे निघाला, हे तुम्हाला सांगता येते का. कुणाला तरी मोठ्याने सांगून बघा. सांगता आले तर ते कोडे तुमचे झाले.

आता एक तुमच्यासाठी. सोमवार ते शनिवार, रोज एक अशा सहा दाव्यांची सुनावणी आहे: पोटगी, भाडे, वारसा, चेक, जमीन आणि अपघात. वारसा आणि जमीन यांच्या मधे नेमके दोन दिवस आहेत. भाड्याची सुनावणी पोटगीच्या दुसऱ्याच दिवशी आहे. अपघाताचा दावा बुधवारी आहे. चेकची सुनावणी जमिनीच्या आधी आहे. संपूर्ण क्रम काय?

कागदावर करून झाल्यावरच पुढे वाचा. वारसा-जमीन या जोडीला तीनच जागा: सोम-गुरू, मंगळ-शुक्र, बुध-शनि. बुधवार अपघाताने घेतला, म्हणून तिसरी गेली. मंगळ-शुक्र घेतले तर उरतात सोमवार, गुरुवार, शनिवार. त्यांत लागोपाठचे दोन दिवस नाहीत, मग पोटगी-भाड्याचा चौकोन मावत नाही. राहिले सोम-गुरू. चौकोन शुक्र-शनिवारी, आणि मंगळवारी चेक. चेक जमिनीच्या आधी, म्हणून जमीन गुरुवारी. सोमवार वारसा, मंगळवार चेक, बुधवार अपघात, गुरुवार जमीन, शुक्रवार पोटगी, शनिवार भाडे.